आबांच्या चाकूवर नाव कोरून घ्यायला गेलो आणि 9,949 रुपये घालवून बसलो

पैठण-अंबड पट्ट्यात आमची मोसंबीची बाग आहे. जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचं, म्हणजे कलम करायचं काम आबा अजून स्वतःच करतात, तेही खिशातल्या घडीच्या चाकूनं. धार लावून लावून त्याचं पातं करंगळीएवढं उरलंय. डिसेंबरात त्यांना 75 पूर्ण होणार, म्हणून म्हणलं, हातानं घडवलेला चांगला चाकू घेऊ आणि पात्यावर त्यांचं नाव कोरून देऊ.

मोबाइलवर जाहिरात दिसली. शिसवाची मूठ, 3 इंची पातं, नाव छिन्नीनं कोरून मिळेल. चाकू 3,800, कोरणावळ 1,150. मी 2,500 आगाऊ पाठवले. आधी पैसे मागणाऱ्यावर विश्वास का ठेवला, असं मला पन्नास जणांनी विचारलंय. अहो, नाव घातलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, मग कारागीर आगाऊ घेणारच! आमचा लोहारही घेतो. ती माझी चूक नव्हती.

चूक पुढे झाली. दुसऱ्याच दिवशी नाव कोरलेल्या चाकूचा फोटो आला, आणि तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. आईच्या पितळी डब्यांवर घातलेली नावं मी लहानपणापासून बघतोय. कोरलेल्या रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी पडते. या फोटोत पात्यावर उजेडाची आडवी तिरीप होती आणि अक्षरं त्या तिरिपीवरून जशीच्या तशी, एकसारखी काळी गेली होती. फोटोवर टाइप केलेली! मला खटकलं होतं. मी मोठं करून बघितलं होतं. मुठीवरच्या खिळ्याशेजारी डोळ्यासारखी गाठ होती, तीच जाहिरातीतल्या फोटोतही होती, हेही दिसलं होतं. व्हिडिओ मागितला तर म्हणाला, ‘लोक डिझाइन चोरतात.’ आमच्या दुकानात खताची गाडी उतरत होती, गिऱ्हाईक उभं होतं. मी उरलेले 2,450 पाठवून दिले. त्या दोन मिनिटांचा राग अजून जात नाही.

चार दिवसांनी कुरिअरच्या नावानं फोन. पार्सलमध्ये हत्यार सापडलंय, गुन्हा दाखल होईल, नाहीतर 4,999 भरा, नंतर परत मिळतील. शिक्का मारलेलं पत्रही पाठवलं. आबांच्या नावावर पोलीस केस, या विचारानंच माझे हातपाय गळाले. भरले. नंतर कळलं की शस्त्र नियमांप्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवान्याचा प्रश्न येतो, आणि घरकाम-शेतीची अवजारं त्यातूनही वगळलेली आहेत. 3 इंची चाकूच्या नावानं कुणी धमकावलं तर फोन सरळ ठेवून द्या.

पुढे ‘पैसे परत’ म्हणून क्यूआर पाठवला, तेव्हा मात्र डोळे उघडले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असतो.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘चाकू कशाला मागवला?’ फसलेला मी आणि चौकशी माझीच. मग, ‘हे आमच्याकडं येत नाही, सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्याची पोच आणा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 लागू आहे, गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यानं खबर नोंदवून घ्यायची. हे बोलून दाखवलं तर, ‘वकील आहात का?’ दहा हजारांसाठी तीन चकरा, तीन दिवस दुकान बंद. बँकेत, ‘पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार?’ ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला फी नाही, पण नोटीस धाडायला पत्ता पाहिजे, आणि दिलेल्या पत्त्यावर तसलं दुकानच नाही. मग कुणी दाद मागायची तरी कुठं?

असं झालं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. मी लाजेपायी दोन दिवस घरात कुणाला बोललो नाही, तोवर पैसा पुढच्या खात्यांत पांगला.

आमच्या लोहारानं नंतर सांगितलं, पोलादाला पाणी दिलं, म्हणजे तापवून बुडवून कडक केलं, की साधी छिन्नी पात्यावरून घसरते, हातानं कोरायचं ते पाणी द्यायच्या आधी. तयार चाकूवर एका रात्रीत छिन्नीनं नाव घालतो म्हणणाऱ्याला हत्यार कोणतं वापरतोस ते विचारा. नाव पात्याच्या कोणत्या बाजूला हवंय, हे न विचारणारा कोरणारा नाहीच. आबा डावखुरे आहेत, मला कुणी विचारलंच नाही. दमास्कस, म्हणजे थराथरांचं लहरी नक्षीचं पोलाद, म्हणून विकत असेल तर पात्याच्या पाठीचा फोटो मागवा, खरी लहर तिथंही दिसते.

जाहिरात नाव बदलून परत आलीय, फोटो तोच. मुठीवर खिळ्याच्या डावीकडं डोळ्यासारखी गाठ दिसली तर एक रुपयाही पाठवू नका.