कीवर्ड की विषयशीर्षक: कॅटलॉगमध्ये शोधायचं कसं?

प्रबंधाचा विषय ठरलाय, पण ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये टाइप काय करायचं यावर एका विद्यार्थिनीचं अडलंय: कीवर्ड की विषयशीर्षक, म्हणजे ग्रंथालयाने पुस्तकाच्या विषयाला दिलेलं ठरावीक नाव?

सोपा अर्थातच कीवर्ड. सुचेल तो शब्द टाका, काहीतरी मिळतंच. पण कॅटलॉग बहुधा पुस्तकातला मजकूर वाचत नाही. नाव, लेखक, विषय, फार तर अनुक्रमणिका, एवढ्याच नोंदीत शोधतो. म्हणून लांबलचक प्रश्न टाकला की हाती भोपळा. दोन-तीन नेमके शब्द पुरे, आणि सलग हवे असतील तर अवतरणचिन्हांत.

विषयशीर्षकाला मेहनत जास्त. ते ठरीव यादीतून येतं. 'मेश' या वैद्यकीय यादीत 'हार्ट अटॅक'वरची पुस्तकं 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'खाली लागतात. हे आधी कोणाला सुचणार! पण एकदा सापडलं की नावात तो शब्द नसलेली पुस्तकंही समोर येतात, आणि कचरा कमी. अगदी नव्या विषयांना मात्र शीर्षक मिळायला वेळ लागतो.

पुस्तकाचं नाव अर्धवट आठवतंय किंवा विषय ताजा आहे, तर कीवर्ड. प्रबंधासाठी सखोल आढावा घ्यायचाय, तर कीवर्डने एक चांगलं पुस्तक गाठा, त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर क्लिक करा आणि तिथून पुढे जा.