डी अँड डी चौथी की पाचवी? ऑनलाइन गेमवरून टेबलाकडे वळणाऱ्यांसाठी

मोबाइलवर आणि पीसीवर भरपूर खेळून झालंय, जुळे सोलापुरात कुणाच्या तरी गच्चीवर पाच डोकी जमतात आणि आता डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, सुरू करायचंय. नियम चौथ्या आवृत्तीचे घ्यावेत की पाचव्या, इथे गाडी अडते. दोन्हींत ऑनलाइन गेमचा वाण आणि गुण उतरलाय, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

चौथी आली जून २००८ मध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गाजलेल्या ऑनलाइन गेमनंतर साडेतीन वर्षांनी. ‘हा तर कागदावरचा ऑनलाइन गेम’ ही टीका तिला सुरुवातीपासूनच चिकटली. टीका अर्धी खरी. टँक (मार अंगावर घेणारा), हीलर (जखमा भरणारा), डीपीएस (जोरदार मारणारा) ही वाटणी मुळात १९७४ च्या पहिल्या डी अँड डीतल्या लढवय्या, पुरोहित आणि जादूगारावरूनच आलेली. ऑनलाइन गेमनी ती उचलली, घासूनपुसून लख्ख केली आणि चौथीनं डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर अशी नावं देऊन परत घरात घेतली.

याचा फरक प्रत्यक्ष लढाईत दिसतो. समजा, भुईकोट किल्ल्याचा नकाशा चौकटीच्या वहीवर काढलाय. दरवाजाशी तुमचा फायटर (लढवय्या), मागे जादूगार, समोर तीन ऑर्क. ऑनलाइन गेममध्ये टँकनं डिवचलं की राक्षस निमूट त्याच्याकडे वळतो, कारण कोडच तसा लिहिलेला असतो. टेबलावर ऑर्क म्हणजे डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा आणि राक्षस हलवणारा), आणि जादूगाराच्या अंगावर चिलखत नाही हे डीएमला दिसत असतं. चौथीचा तोडगा मला आजही भारी वाटतो. फायटर ज्याच्यावर वार करेल त्याला ‘मार्क’ करू शकतो. मार्क झालेला ऑर्क फायटरला सोडून दुसऱ्यावर गेला तर त्याच्या हल्ल्याला उणे २, आणि फायटर शेजारी असेल तर तो मध्येच फटका हाणतो. डीएमला मोकळीक आहे, पण फुकट नाही.

पाचवीत (२०१४) साध्या फायटरकडे हे हत्यार नाही. ऑर्क त्याच्या टप्प्यातून बाहेर पडला तर एक फटका, तोही फेरीत एकदाच. उरलेले दोघे सरळ जादूगाराच्या उरावर.

मग चौथीच घ्यावी की! पण त्या मार्कची वसुली वहीत होते. कुणावर मार्क आहे, कुणाला उणे २, कुठला परिणाम पुढच्या पाळीच्या शेवटी संपतो, कुठला वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त पडेपर्यंत भोगायचा... संगणक हे गुपचूप करतो, इथे माणसानं लक्षात ठेवायचं. एकेक लढाई तासभर सहज खाते. सातला बसून दहाला उठणाऱ्यांच्या दोन लढाया होतात आणि गोष्ट जिथल्या तिथे राहते.

कूलडाऊनचं, म्हणजे वापरलेली ताकद परत कधी मिळते याचं, गणित मात्र उलटं पडतं. चौथीत काही पॉवर (पात्राच्या ठरलेल्या चाली) हव्या तितक्या वेळा, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. पाच मिनिटं दम खाल्ला की लढाईतल्या पॉवर परत. पाचवीत छोटी विश्रांतीच तासाची आणि जादूगाराचे बहुतेक मंत्र पूर्ण रात्रीच्या झोपेनंतरच. २०१४ चं डीएमचं पुस्तक खेळातल्या एका दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण लढाया धरून चालतं. एका बैठकीत एकच लढाई घेणाऱ्यांकडे जादूगार सगळा दारूगोळा तिथेच उडवतो, आणि फायटरवाला ‘थांब की बे, आम्हालाबी मारू दे’ म्हणत बसतो.

भाषेचंही बघा. सोलापूरच्या टेबलावर मराठी, तेलुगू, कन्नड एका दमात चालतं, पुस्तकं इंग्रजीत. चौथीची पॉवर छोट्या चौकटीत, ठरलेल्या शब्दांत असते, त्यामुळे इंग्रजीत कच्चा असलेलाही पटकन रुळतो. पण मग तो कार्डाकडे बघूनच खेळतो, ‘क्लीव्ह’ म्हणतो आणि फासा टाकतो. पाचवीत पुढ्यात कमी असल्यामुळे ‘तो दोर कापून फाटक खाली पाडू का?’ असं सुचतं. चौथीतही अशा करामतींचा नियम आहे, पण पॉवरची यादी समोर असताना आठवतो कुणाला!

तिसरा पर्याय पाथफाइंडर या डी अँड डीच्याच घराण्यातल्या खेळाची दुसरी आवृत्ती (२०१९). पाळीत तीन कृती, हव्या तशा वापरा. प्रत्येक लढाई स्वतंत्र धरून तोललेली. नियम अर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट आणि अधिकृत परवान्यानं. शर्त एकच, निदान एकाला तरी नियम वाचायची हौस हवी.

खर्चाचं म्हणाल तर पाचवीचे पायाभूत नियम फुकट मिळतात. चौथीची छपाई थांबलीय, पीडीएफ विकत घ्यावी लागते.

माझं मत: पाचांपैकी दोघेतिघे गप्पिष्ट असतील, कुणी गेम कधी हातात धरला नसेल, तर पाचवी. पाचही जण रेडमध्ये (ऑनलाइन गेममधल्या सांघिक मोहिमांत) रात्री जागवलेले आणि डावपेचांवर भांडणारे असतील तर चौथी, बिनधास्त. फक्त राक्षस २०१० च्या मॉन्स्टर मॅन्युअल ३ मधले घ्या. आधीच्या पुस्तकांतले बरेच जण मार खातात फार आणि देतात कमी, त्यामुळे लढाई आणखी लांबते.