आठ महिने इंकस्केप आणि अँड्रॉइड स्टुडिओ: ॲपच्या चित्रांचा सगळा पसारा, आणि कडी नसलेली किटली

आधी वापर कसला ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी आणि माझा मावसभाऊ मिरजेत बसून दूध संस्थांसाठी एक ॲप चालवतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दहा दिवसांचं बिल, एवढंच त्याचं काम. अँड्रॉइड माझ्याकडे, आयफोन त्याच्याकडे. चित्रकार ठेवण्याइतकी मिळकत नाही, म्हणून चित्रं मीच काढतो (आणि ती तशी दिसतातही). गेले आठ महिने प्रत्येक आयकॉन आणि बॅनर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो. तिथून ते अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या 'इमेज ॲसेट' आणि 'व्हेक्टर ॲसेट' या दोन खिडक्यांतून ॲपमध्ये जातात. आयफोनसाठी एक्सकोड या तशाच सॉफ्टवेअरचा ॲसेट कॅटलॉग. यातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत.

त्याआधी एक वेबसाइट वापरायचो. पीएनजी चढवायची की पाच मिनिटांत सगळ्या मापांच्या आयकॉनांची झिप हातात. सोय उत्तम होती, पण वर्षभरात फोल्डरमध्ये 'किटली-फायनल', 'किटली-फायनल-नवीन' आणि 'किटली-हीच-घ्या' अशा तीन फायली जमल्या आणि खरी कोणती हे दोघांनाही सांगता येईना. त्यातली सगळ्यात मोठी ५१२ पिक्सेलची. ॲप स्टोअरला १०२४ लागतो. ताणून मोठी केली तर कडा धुक्यातल्यासारख्या. तेव्हा ठरवलं की मूळ चित्र एकच, तेही एसव्हीजी, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांच्या रूपात साठवलेलं (व्हेक्टर), कितीही मोठं केलं तरी धारदार राहणारं. बाकी जे काही निघेल ते त्यातून पुन्हा काढायचं; निघालेल्या फायलीला हात लावायचा नाही. या जोडणीत मला सर्वात जास्त फायदा झाला तो या एका नियमाचा. सॉफ्टवेअरचं कौतुक त्यानंतर.

आता किटली. आमचा आयकॉन म्हणजे दुधाची किटली, वर कडी. माझ्या फोनवर छान दिसायची. संस्थेचे सचिव, ज्यांना गावात सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी नव्या फोनवर ॲप घेतलं आणि म्हणाले, "कडी कुठं गेली रं? आता ही धरायची कशी?" त्यांच्या फोनवर आयकॉन गोल कापले जात होते आणि कडी त्या गोलाच्या बाहेर पडली होती.

अँड्रॉइड ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, आयकॉन दोन थरांत द्यायचा असतो, मागचा आणि पुढचा. प्रत्येक थर १०८ बाय १०८ डीपी (स्क्रीन कितीही बारीक पिक्सेलची असली तरी साधारण तेवढंच दिसणारं अँड्रॉइडचं माप). त्यातला मधला ७२ डीपीचा भागच मुखवट्यातून, म्हणजे फोन ज्या आकारात आयकॉन कापतो त्यातून, दिसतो, चारही बाजूंचे १८-१८ डीपी हलवण्या-कापण्यासाठी राखीव. आणि मुखवटा गोल असो की गोलसर चौकोन, ज्याला कधीच कात्री लागणार नाही असं वर्तुळ फक्त ६६ डीपी व्यासाचं. मी कागद मिळाला म्हणून कागदभर किटली काढली होती.

इमेज ॲसेटची खिडकी इथे खरंच कामाची आहे. तोच आयकॉन निरनिराळ्या आकारांत कापून शेजारी शेजारी दाखवते, सुरक्षित भागाची रेघ चालू करता येते, चित्र लहान-मोठं करायला सरकपट्टी आहे. महिनाभर मी ती सरकपट्टी अंदाजाने ओढत होतो आणि दर वेळी किटली जरा वेगळ्या मापाची निघत होती. आता इंकस्केपमध्येच १०८ चा कागद घेतो, त्यावर ७२ आणि ६६ च्या रेघा एका कुलूपबंद लेयरमध्ये कायमच्या मारून ठेवल्यात. काढतानाच कळतं कडी आत आहे की बाहेर.

एक ताकीद. नाव तेच ठेवलंत तर ही खिडकी जुन्या फायलींवर नव्या लिहिते. तसं लाल अक्षरांत सांगतेही. मी न वाचता पुढे दाबलं आणि हाताने दुरुस्त केलेली आयकॉनची एक्सएमएल फायल गेली. गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) होती म्हणून वाचलो.

व्हेक्टर ॲसेटबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. बटणांचे छोटे आयकॉन यातून आणावेत, प्रश्नच नाही. एकच फायल सगळ्या स्क्रीनवर धारदार दिसते, रंगही ॲपमधून देता येतो, त्यामुळे रात्रीच्या काळ्या थीमसाठी वेगळं चित्र ठेवावं लागत नाही. पण इंकस्केपमध्ये जे दिसतं ते सगळं पलीकडे पोचत नाही. धूसर सावली हा फिल्टर, तो गळतो. टाइप केलेला मजकूर गळतो, त्याचे आधी पाथ, म्हणजे नुसत्या रेघांचे आकार, करून घ्यावे लागतात. खिडकी इशारा देते, पण इशारा वाचण्याची सवय मला कशी आहे ते वर आलंच आहे. मोठ्या चित्रासाठी तर हा रस्ताच चुकीचा. गोठ्याचं एक चित्र होतं, गवताची काडी न् काडी काढलेली. ते व्हेक्टर म्हणून घातलं आणि पहिली स्क्रीन उघडताना फोन आवंढा गिळायला लागला. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात २०० बाय २०० डीपीपर्यंतच व्हेक्टर ठेवा असं लिहिलंय, ते उगीच नाही.

म्हणून गोठा वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात केला. अँड्रॉइड स्टुडिओत पीएनजीवर राइट क्लिक करून वेबपी करता येतं, दर्जा कमी-जास्त करून दोन्ही चित्रं शेजारी बघता येतात. दर्जा ८० ला मला फरक दिसत नाही, मावसभावाला ७० लाही दिसत नाही. फायल केवढीशी झाली! मी खूश. आणि त्याच खुशीत आठ महिन्यांतली सगळ्यात मोठी चूक केली.

संस्थेच्या चेअरमनच्या मुलाच्या फोनवर ॲप उघडताच बंद पडायला लागलं. बाकी कोणाच्याही फोनवर नाही, फक्त त्याच्या. फोन महागाचा, स्क्रीन एकदम बारीक पिक्सेलची. आम्ही आधी त्यालाच दोष दिला, काहीतरी भलतं टाकून ठेवलं असेल म्हणून. लॉग, म्हणजे ॲप कुठे अडलं त्याची नोंद, मागवला तर त्यात एक ओळ: कॅनव्हासवर फार मोठं चित्र काढायचा प्रयत्न, १३,२७,१०,४०० बाइट. तेरा कोटी! फायल तर काहीशे केबीची.

हिशेब मांडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चित्र होतं १०८० बाय १९२० चं. मी ते नुसत्या 'ड्रॉएबल' फोल्डरमध्ये टाकलं होतं. शेपूट नसलेल्या या फोल्डरातलं चित्र अँड्रॉइड एमडीपीआयचं, म्हणजे १६० डीपीआयच्या (इंचाला १६० ठिपके) स्क्रीनसाठी काढलेलं समजतं. चौपट घनतेच्या स्क्रीनवर ते उभं-आडवं चार-चार पट होतं: ४३२० बाय ७६८०. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. गुणून बघा, लॉगमधला आकडा अचूक येतो. त्या फोनवर एका चित्राला मर्यादा १०० एमबीची. माझा फोन तिप्पट घनतेचा, तिथे तेच चित्र सुमारे ७५ एमबी खात होतं आणि बिनबोभाट चालत होतं. म्हणजे आजार सगळ्यांनाच होता, ताप फक्त चेअरमनच्या घरात आला.

वेबपीने डाउनलोड लहान होतं, मेमरी नाही. चित्र उलगडलं की लांबी गुणिले रुंदी गुणिले चार. हे मला कुठल्याच खिडकीने सांगितलं नाही, आणि सांगणं तिचं कामही नाही. आता पूर्ण स्क्रीनची चित्रं 'ड्रॉएबल-नोडीपीआय' मध्ये, तिथे अँड्रॉइड माप बदलत नाही. तोच गोठा ८ एमबीच्या आसपास बसतो. बाकी फोटो एचडीपीआयपासून एक्सएक्सएक्सएचडीपीआयपर्यंत (हे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा) इंकस्केपच्या कमांडने एका छोट्या स्क्रिप्टमधून काढतो: दीड, दोन, तीन, चार पट. ॲप बंडल (सगळ्या फोनांसाठीचा एकच गठ्ठा) दिलं की प्ले स्टोअर ज्या फोनला जी घनता लागते तीच पाठवतं, म्हणून चार संच ठेवले तरी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर भार नाही.

फायलींच्या नावांवरून सुरुवातीला चिडचिड झाली. अँड्रॉइडला फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालते. मधली आडवी रेघ किंवा एखादं मोठं अक्षर दिसलं की बिल्ड, म्हणजे ॲप तयार होण्याचं काम, थांबलं. आता वाटतं बरं झालं, 'हीच-घ्या' प्रकार आपोआप बंद पडला.

चित्रात मराठी अक्षरं घालणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. पहिल्या बॅनरवर मी 'दूध संकलन' असं लिहून पाथ केले. जोडाक्षरं इंकस्केप नीट जोडतं, त्यात तक्रार नाही. पण 'ल' हिंदी वळणाचा आला. माझ्या ध्यानातही आलं नाही, अण्णांनी पकडलं, "हा ल आपला न्हाई." फॉन्टमध्ये मराठी रूप असलं तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ते येत नाही, आणि एकदा पाथ केले की नुसती चित्राची रेघ उरते, दुरुस्ती म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मग जत भागातल्या एका संस्थेने कन्नड मागितलं. तेव्हा अक्षरं चित्रातून काढूनच टाकली. चित्र वेगळं, मजकूर ॲपमधून वर. भाषा वाढली तरी चित्र एकच राहतं.

आयफोनकडचं मावसभावाच्या तोंडून: त्याला फारसं सांगण्यासारखं नाही. एक्सकोड १४ पासून १०२४ चा एकच आयकॉन दिला तरी बाकी मापं तोच करून घेतो, आतल्या चित्रांना दुप्पट-तिप्पटचे कप्पे आहेत, एसव्हीजीही चालतं, उजेड-अंधाराचे वेगळे कप्पे एका जागी. फक्त पहिल्यांदा त्याचा अपलोड परत आला, कारण मी दिलेल्या आयकॉनची पार्श्वभूमी पारदर्शक होती. तिथे ते चालत नाही. स्क्रिप्टमध्ये मागे पांढरा रंग घातला, मिटलं.

नोटिफिकेशनचा आयकॉन मात्र अजून वेगळाच काढावा लागतो. अँड्रॉइड ५ पासून तिथे रंग बघितलाच जात नाही, फक्त कुठे भरलंय आणि कुठे पारदर्शक आहे एवढंच. रंगीत चौकोनी आयकॉन दिलात तर वर नुसता पांढरा चौकोन दिसतो. आमचा दोन दिवस दिसत होता.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. तुमच्याकडे चित्रकार असेल आणि चारजण एकाच फायलीवर काम करत असाल तर इंकस्केपमध्ये अडखळाल. एकावेळी एकच माणूस बसणार हे धरून चाला. आमच्यासारख्या दोघांना पुरून उरतं.

सध्या अँड्रॉइड १३ च्या एकरंगी आयकॉनवर अडलोय. फोनच्या थीमप्रमाणे रंग बदलणारा हा तिसरा थर. रंग काढून घेतले की किटलीचं झाकण, पोट, कडी सगळं एक होतं. मधे फटी ठेवून चार वेळा काढली. चौथी अण्णांना दाखवली, तर त्यांनी फोन लांब धरून, चष्मा वर करून विचारलं, "तांब्या काढलाय व्हय?"