आयुष्मान वय वंदना कार्ड: वस्तीपातळीवर कितपत कामाचं?

सत्तरी पूर्ण झालेल्यांना दवाखान्यात भरती झाल्यावर मोफत उपचार देणारं केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं हे कार्ड. ज्येष्ठ नागरिक मंडळं नि सोसायट्यांनी ते काढून द्यावंच, पण त्याच्या भरवशावर आरोग्याचं अख्खं नियोजन सोडू नये.

जमेची बाजू मोठी आहे. आधारवर सत्तरी पूर्ण असली की उत्पन्नाची अट नाही, जुना आजारही आडवा येत नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत भरतीचा खर्च निघतो. ही रक्कम मात्र घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून असते. नवरा-बायकोला वेगवेगळे पाच-पाच लाख असतात हा गैरसमज आधी काढा. नागपुरात केंद्राचे निवृत्त कर्मचारी भरपूर. सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं, आणि ओपीडीची औषधं लागणाऱ्यानं घाईत सीजीएचएस सोडणं म्हणजे पायावर धोंडा. खासगी विमा असला तरी हे कार्ड चालतं.

कार्ड काढायच्या शिबिरात गाडी अडते ती ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याला. उतारवयात बोटांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. ओटीपी मागावा तर आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, नाहीतर पुण्याला गेलेल्या मुलाचा. त्यामुळे आठवडाभर आधी घरोघरी यादी करा: आधारवरची जन्मतारीख, चालू नंबर, एकटे राहतात का, भरतीच्या वेळी सोबत कोण. हा शेवटचा रकाना सगळेच विसरतात. शिबिराच्या दिवशी चेहरा ओळखणारं आधारचं ॲप फोनमध्ये आधीच टाकून ठेवा आणि म्हाताऱ्यांना उजेडाकडे तोंड करून बसवा. एप्रिल-मे असेल तर दहाच्या आत आटपा. नागपूरचं ऊन कोणाला सांगायला नको.

दवाखाना योजनेत आहे एवढ्यावर जाऊ नका. हवा तो विभाग त्यात आहे का, हे योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारा. भरती होताना कार्ड आयुष्मान मित्राकडे, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, लगेच दाखवा. बिल भरून मागाहून पैसे परत मिळतील या आशेवर राहू नका.

बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत. त्यासाठी जवळचा सरकारी ‘आपला दवाखाना’ किंवा महापालिकेचं आरोग्य केंद्रच धरा. चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे: वय ६५, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत, एकदाच ३००० रुपये.

यादीत ‘एकटे’ अशी नोंद असलेल्यांच्या दारामागे १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवा. पेन्शन, छळ, एकटेपणा, सगळ्याला तो चालतो, पण सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच. रात्री छातीत दुखलं तर १०८, तोही तिथंच खाली लिहा.