एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रानंतर धंदा करायचाय? खान्देशात कोणतं प्रशिक्षण घ्यावं

वस्तू विकणार की सेवा, हे आधी ठरवा. निवड त्यावरच होते.

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरला की खोड शेतकऱ्याच्या डोक्याला ताप होतं. त्यातून धागा काढायची कल्पना चांगलीच आहे, पण खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. धागा वजनाच्या मानाने अगदी थोडा निघतो आणि खोड ताजं असतानाच मशीनला लावावं लागतं. मशीन शेतापासून लांब ठेवलं, तर तुम्ही ट्रॅक्टरभर पाणीच वाहून आणता. उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत खपेल का, तेही तपासायला हवं. हे वर्गात बसून कळत नाही. अशा कामाला विद्यापीठाचं इन्क्युबेशन सेंटर, म्हणजे नव्या धंद्याच्या कल्पनेला आधार देणारं केंद्र, बरं. जळगावच्या उमविसारख्या (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) ठिकाणी प्रयोगशाळा आणि प्राध्यापक हाताशी असतात, प्रयोग फसला तरी कर्ज अंगावर नसतं. वेळ मात्र खूप जातो, म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी सुरुवात करा.

पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेसोबतचं ईडीपी, म्हणजे उद्योजकता विकास प्रशिक्षण, वेगळं. ते ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला ५ दिवसांचं, त्यापुढे १० दिवसांचं. उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि महिलांसह विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मिळतं. इथे प्रकल्प अहवाल, बँक, जीएसटी शिकवतात. कल्पना पक्की नसेल तर जाऊ नका. अनुदान पाहून कल्पना शोधणारे पुढे हप्त्यांत अडकतात, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

बँकांची आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) मोफत आणि निवासी, शिवाय प्रशिक्षणानंतरही पाठपुरावा करते. गांडूळखत, रोपवाटिका असं काही गावातच करायचं असेल तर उत्तम. पदव्युत्तर मुलं तिकडे कमीपणा मानतात, ते सोडा.

सेवा द्यायची असेल, म्हणजे जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्यांची, डाळ मिलची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची संमतीपत्रं किंवा पाणीतपासणी, तर यातलं एकही प्रशिक्षण पुरत नाही. आधी एखाद्या सल्लागाराकडे किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये वर्षभर नोकरी करा, मग ईडीपी. कारखानदार पदवीपेक्षा आधी केलेली कामं विचारतो.

कुठेही नाव घालण्याआधी मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना गाठा आणि विचारा: कोर्सनंतर पहिलं बिल कधी फाडलं, आणि कुणाच्या नावाने?