महात्मा फुले जनआरोग्य योजना: ऑपरेशनला पैकीच्या पैकी, गोळ्यांना भोपळा

आमच्या अम्माची अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली शीर मोकळी करायचं ऑपरेशन) राज्य सरकारच्या या योजनेतून झाली आणि ऑपरेशनच्या बिलाला खिशातून एक रुपया गेला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे तक्रारी आहेत.

सोलापूर या योजनेचं जुनं गिऱ्हाईक. जुलै २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने आठच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपण होतो. २०१७ला नाव बदललं. दीड लाखाचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं आहे, पांढरं रेशनकार्डही चालतं. आणि शुगर आधीपासून आहे म्हणून कोणी परत पाठवत नाही. खाजगी मेडिक्लेमवाल्याने अम्माचं वय ऐकूनच विषय बदलला होता.

सगळ्यात उजवा निघाला तो आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात बसणारा योजनेचा मदतनीस. अम्माचा जन्म विड्या वळण्यात गेला, अंगठ्याच्या रेषा पार घासल्यात. मशीन ठसा घेईना. पोराने बोट पुसलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं, तोंडाने तिच्याशी तेलुगूत गप्पा चालूच. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. आधार आणि रेशनकार्डावरच्या नावाचा घोळही त्यानेच निस्तरला.

दवाखान्याचं नाव घेत नाही, पण बिलाच्या खिडकीवर हळूच विचारणा झालीच: ‘भारीतला स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळी) टाकायचा का? वरचा फरक तेवढा भरा.’ मी तिथेच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ला, फोन लावतो म्हटलं, विषय संपला. सगळ्यांना हे जमत नाही ओ. पॅकेज किती रुपयांचं मंजूर झालं आणि त्यात काय काय धरलंय, याचा मराठी मेसेज पेशंटच्या घरच्यांना आधीच आला, तर खिडकीतली कुजबुज आपोआप बंद होईल. दवाखान्यांचीही बाजू आहे म्हणा. बिलं तुंबली, दर जुनेच राहिले, की ते असे रस्ते शोधणारच.

आता खरं दुखणं. घरी आल्यावर थोड्या दिवसांच्या गोळ्या पॅकेजमध्ये असतात, पुढचं आमचं आम्हालाच बघावं लागलं. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता सोडल्या, तर स्टेंटच बंद पडू शकतो. आमच्या गल्लीत मात्र ‘आता बरं वाटतंय’ म्हणत पट्टी अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ. ती विकत घ्यायची म्हणजे हजार विड्यांची मजुरी आठवते.

माझा मेहुणा कारखान्यात आहे. त्याच्या पगारातून ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि बीपीच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून फुकट मिळतात. अम्मा घरबसल्या विड्या वळते, तिला ते कार्ड नाही. म्हणजे हृदयाची शीर तुंबली की योजना पैसे मोजणार, ती तुंबू नये म्हणून लागणाऱ्या बीपी-शुगरच्या गोळीला मात्र नाही. महिन्याची औषधं, शुगरची तपासणी, ईसीजी एवढं तरी महापालिकेच्या दवाखान्यातून याच योजनेच्या कार्डावर द्या. महिन्याला थोडीफार वर्गणी घेतली तरी विडीवाल्या बायका कुरकुरत का होईना, भरतील. भिशी भरतातच की.

पाचपैकी साडेतीन. आणि एक, आजारी पडायची वाट न बघता आत्ताच रेशन दुकानात जाऊन घरातल्या सगळ्यांची नावं ऑनलाइन दिसतात का बघा, विशेषतः नव्या सुनांची.