एक भाषा तयार आहे, पुढचं काम कोणतं? कल्पित जग रचणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

तुमच्याकडे एक कल्पित भाषा आहे. ध्वनी ठरले आहेत, नामं आणि क्रियापदं कशी चालतात ते ठरलंय, वहीत तीन-चारशे शब्द आहेत. एक नकाशाही आहे: किनारा, मधे डोंगर, डोंगरापलीकडे कोरडं पठार. पुढचे काही महिने हाताशी आहेत आणि त्यात एकच मोठं काम होणार आहे. अशा वेळी साधारण पाच पर्याय समोर येतात: आहे त्या भाषेची बहीणभाषा (म्हणजे एकाच पूर्वज भाषेतून निघालेली दुसरी भाषा) काढणं, शेजाऱ्यांसाठी वेगळ्या कुळातली भाषा रचणं, शब्दसंग्रह वाढवणं, लिपी आखणं, किंवा भाषा थोडी बाजूला ठेवून हवामान आणि पंचांग पक्कं करणं.

निवडताना मी एकच गोष्ट बघते. नवं काम आधीच्या कामाला कारणं पुरवतं का? शब्द असाच का, गाव तिथेच का, या घाटातल्या लोकांचे उच्चार वेगळे का, याची उत्तरं ज्या कामातून आपोआप मिळायला लागतात ते आधी हातात घ्यावं. या हिशेबाने माझा कौल बहुतेकांसाठी बहीणभाषेला आहे. ते का आणि कुणासाठी नाही, हे सविस्तर सांगते, कारण खरा पेच पहिल्या दोन पर्यायांतच असतो.

बहीणभाषा की परकी भाषा?

बहीणभाषा कशी घडते याचा उत्तम नमुना आपल्या घरातच आहे. संस्कृतातले सप्त, हस्त, कर्ण हे शब्द प्राकृतात सत्त, हत्थ, कण्ण झाले. पंजाबीने ते जोड व्यंजन जवळजवळ तसंच ठेवलं: सत्त, हत्थ, कन्न. मराठीने एक व्यंजन टाकलं आणि आधीचा स्वर लांबवला: सात, हात, कान. हिंदीनेही स्वर लांबवला, पण हाथ मधला महाप्राण, म्हणजे थ मधला ह-कार, सोडला नाही. व्याकरणातही हेच झालं. संस्कृतची तीन लिंगं मराठीने सांभाळली, हिंदीकडे दोन उरली, बंगालीत व्याकरणिक लिंग राहिलंच नाही. पूर्वज एकच, पण प्रत्येकीने वेगळी गोष्ट ठेवली आणि वेगळी सोडली.

हे तुमच्या जगात करून बघा. समजा जुन्या भाषेत तापुमे म्हणजे पाऊस आणि कापुने म्हणजे होडी. किनाऱ्यावर दोन नियम लावा: दोन स्वरांमधल्या प चा व होतो आणि शब्दाच्या शेवटचा ए गळतो. हाती येतं तावुम आणि कावुन. डोंगरात वेगळे नियम: मधला उ गळतो, आणि जवळ आलेला प पुढच्या अनुनासिकासारखा होतो. तिथे ताम्मे आणि कान्ने.

आता अनेकवचन बघा, मजा तिथे आहे. जुना प्रत्यय पा. तापुमेपाचं किनाऱ्यावर तावुमेवा होतं, कारण ए आता शब्दाच्या शेवटी नाही, म्हणून तो वाचतो. म्हणजे एकवचन तावुम, अनेकवचन तावुमेवा. पण लिरुमसारखा जो शब्द मुळातच व्यंजनावर संपत होता, त्याचं अनेकवचन लिरुमपाच राहतं, कारण तिथला प दोन स्वरांमधे नाही. एकही अपवाद न रचता तुम्हाला शब्दांचे दोन गट मिळाले. किनाऱ्यावरच्या मुलांना आता ते पाठच करावे लागतील, जशी आपण मराठीतली सामान्यरूपं लहानपणी ऐकून ऐकून उचलतो.

मग अर्थ सरकतात. डोंगरात समुद्र नाही, मग कान्ने या शब्दाचं काय होईल? कोरलेल्या लाकडी ओंडक्यातून जनावरं पाणी पितात, त्याला तो चिकटेल. आपल्याकडे जनावरांच्या पाण्याची डोण आणि होडी या अर्थाची डोणी एकाच कुळातल्या आहेत, त्यामुळे हे ओढूनताणून वाटायचं कारण नाही. नकाशावरची नावंही बोलायला लागतात. अमळनेर, पिंपळनेर यांतला नेर हा झिजलेला नगर आहे. तसे तुमच्या भाषेतले जुने प्रत्यय गावांच्या नावांत अडकून राहतील, आणि एखादं किनारी रूपाचं नाव डोंगराच्या पोटात सापडलं तर तिथे पूर्वी कोण राहत होतं हा इतिहास लिहायला तुम्हाला बसावंच लागेल.

या कामाची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. तुमची आत्ताची भाषा हीच पूर्वज ठरवायची, की तिच्या मागे जाऊन आणखी जुनी भाषा कल्पायची? पहिला मार्ग खूपच सोपा आहे. पण मग आत्ताची भाषा पोथ्यांतली होते, आणि तिच्यात बोलणारी तुमची पात्रं एक तर हजार वर्षं मागे जातात किंवा त्यांचे संवाद नव्याने लिहावे लागतात. दुसऱ्या मार्गात प्रत्येक शब्दाचं जुनं रूप उलटं शोधावं लागतं. लिहून झालेला मजकूर थोडा असेल तर पहिलाच मार्ग घ्या. ध्वनिबदल शब्दागणिक हाताने करत बसू नका. लेक्सर्जीसारखी साधनं नियमांची यादी घेऊन सगळ्या शब्दांवर क्रमाने चालवतात, आणि क्रम बदलला की निकाल कसा बदलतो तेही लगेच दिसतं. मात्र वहीत शंभरसुद्धा शब्द नसतील तर थांबा. इतक्या कमी शब्दांत नियम नियमासारखा दिसत नाही.

परकी भाषा रचताना हे काहीच आयतं मिळत नाही. ध्वनी, शब्द, वाक्यरचना, सगळं शून्यातून. शिवाय एक मोह नेहमी आड येतो: पहिल्या भाषेत क्रियापद शेवटी आहे ना, मग हिच्यात सुरुवातीला ठेवू, तिच्यात लिंग आहे, मग हिच्यात नको. अशी उलटी केलेली भाषा पहिल्या भाषेची सावलीच राहते. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली जगभरच्या भाषांची तुलना करून दाखवलं की ही वैशिष्ट्यं सुटीसुटी येत नाहीत. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत मराठीतल्या वर, खाली, साठी यांच्यासारखे शब्द नामाच्या मागून येण्याकडेच कल असतो. एक खुंटी हलवली की बाकीच्या हलतात, हे धरूनच परकी भाषा रचावी लागते.

तरीही एका परिस्थितीत मी बहीणभाषा सोडून हिच्याकडे वळेन: तुमची गोष्ट बंदरात, बाजारात किंवा सीमेवर घडत असेल तर. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. भाषा रचणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. शब्द आपापलेच राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यातले शब्द एकेक करून बदलले तरी दुसरीतलं वाक्य उभं राहावं. शेजारच्या भाषा फक्त शब्द उसने देतात असं धरून चालणाऱ्याला कुपवाड बरंच काही शिकवतं.

उसने शब्दही कुठून आले ते सांगत असतात. पोर्तुगिजांकडून आपल्याकडे पाव आणि बटाटा आले, तसे पगार, लिलाव आणि तुरुंगही आले. फारसीतून अर्ज, फिर्याद, हुकूम, वकील. पहिली यादी बंदर आणि वखार दाखवते, दुसरी दरबार. आणि दरबाराची भाषा बदलायची ठरली की काय होतं, ते शिवकाळातला राज्यव्यवहारकोश दाखवतो. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच तो रचला गेला. तुमच्या जगातही एखादा राजा असा हुकूम काढू शकतो, आणि बाजारातली माणसं तो निम्माच पाळतील. एवढ्यासाठी पूर्ण परकी भाषा लागत नाही. तिची ध्वनिव्यवस्था आणि पन्नास-साठ शब्द पुरतात.

शब्द वाढवावेत की मजकूर लिहावा?

शब्दांच्या आकड्याला फार मान देऊ नका. सोन्या लँग यांनी रचलेली तोकी पोना ही भाषा २००१ साली आली ती सव्वाशेच्या आत शब्द घेऊन, आणि लोक ती आजही बोलतात. दुसऱ्या भाषेतली यादी समोर ठेवून शब्द पाडत गेलात तर आकडा वाढतो, पण प्रत्येक शब्दाच्या मागे आपलीच जुनी भाषा उभी असते.

त्यापेक्षा मजकूर लिहा: बांधावरून झालेलं भांडण, बाजारातली घासाघीस, बाळाला झोपवताना म्हणायच्या चार ओळी. लागेल तो शब्द तिथेच घडवा. नातेवाचक शब्द मात्र वेगळे काढून नीट बसवा, कारण त्यांत समाजरचना असते. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची. आते-मामे भावंडांची लग्नं जुळवायच्या रीतीशी ही संबोधनं थेट जोडलेली आहेत. तुमच्या डोंगरातल्या लोकांत लग्न कुणाचं कुणाशी होतं, हे ठरल्याशिवाय काका आणि मामा यांना एक शब्द की दोन, हे ठरवताच येणार नाही. वहीत शंभराच्या आत शब्द असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी आणि बहीणभाषेकडे नंतर यावं.

लिपीचा मोह

लिपी सगळ्यात सुंदर काम आहे, आणि मी ते मागे ठेवायला सांगते. लिपी भाषेचा कुठला तरी जुना टप्पा पकडून ठेवते, आणि उच्चार पुढे निघून जातात. मराठीत चंद्र आणि चांदणं दोन्ही एकाच च ने लिहितो, पण उच्चार दोन. इ आणि ए यांच्या आधी तालव्य च टिकला, जसा चिंचेत. इतरत्र घरच्या शब्दांत तो दंततालव्य (चांदण्यातल्या च सारखा) झाला, आणि संस्कृतातून सरळ उचललेल्या चंद्राने जुना उच्चार ठेवला. अक्षर एकच राहिलं. ही विसंगती आखून येत नाही. आधी ध्वनिबदल व्हावे लागतात, मग लिपीला मागे पडायला जागा मिळते.

शिवाय लिपी कोण, कशावर, किती घाईत लिहितो याने बदलते. मोडी कारकुनांच्या भरभर लिहिण्यातून वळणदार झाली आणि ऱ्हस्व-दीर्घ इ-ई, उ-ऊ वेगळे दाखवण्याच्या भानगडीत पडली नाही. तुमच्याकडे कारकून आहेत का, कागद आहे की ताडपत्र, हे आधी हवं. वापराचाही विचार करा. स्टार ट्रेक मालिकेतल्या क्लिंगॉन भाषेच्या लिपीचा प्रस्ताव यूनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेने, २००१ साली नाकारला, त्यात एक मोठं कारण हे होतं की ती भाषा वापरणारेच रोमन लिपीत लिहीत होते. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा नकाशासाठी अक्षरं हवी असतील तर वीस-पंचवीस चिन्हं आखा, फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवायच्या साधनात बसवा आणि पुढे व्हा. पूर्ण लिपी बहीणभाषेनंतर.

नकाशा डळमळत असेल तर

नकाशावर डोंगर आहेत आणि पाऊस सगळीकडे सारखा पडतो, असं असेल तर भाषेचं कुठलंही काम सुरू करण्याआधी हे सुधारा. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वीसएक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि घाट उतरून वाईत हजाराच्याही खाली. एवढ्याशा अंतरात भाताची जागा ज्वारी घेते, घरांचे उतार बदलतात, आणि पावसासाठी किती शब्द लागतील तेही. तुमच्या किनाऱ्यावर तावुमचे पाच प्रकार असतील. पठारावर कदाचित एकच शब्द, आणि तोही नवसाच्या गाण्यांतला.

पंचांग यालाच जोडून करा, ते दोन संध्याकाळींत होतं. आपला चांद्र वर्षाचा हिशेब सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतो, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. तुमच्या जगात वर्ष ४०० दिवसांचं आणि चंद्राचा फेरा ३६ दिवसांचा धरा. अकरा महिन्यांचे ३९६ दिवस होतात, दर वर्षी ४ दिवस उरतात, आणि नऊ वर्षांत बरोबर ३६ साठतात. नवव्या वर्षी एक जादा महिना. त्या महिन्यात लग्नं लावायची का, सारा भरायचा का, गड्याला पगार मिळणार का, हे किनारा एक ठरवेल आणि पठार दुसरं. त्या महिन्याचं नावही दोन्हीकडे वेगळं पडेल, आणि ते घडवायला बहीणभाषेचे नियम लागतील.